लाइनीला टेकलेला हात

मी रग्बी खेळून पोट भरलं असं सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात आणि मग विचारतात, "म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात, ते का?" सुरुवातीला मी समजावून सांगायचो. हेल्मेट नसतं. पळायचं पुढे, पण हाताने बॉल द्यायचा मागे. समोरच्याला पाडायचं, पण पाडलं की लगेच सोडून द्यायचं. एवढं ऐकल्यावर समोरचा अशा नजरेने बघायचा, की हे नियम जणू मीच रिकामपणी बसून तयार केलेत. आता मी हो म्हणतो. हेल्मेटवालाच.

वडगाव रासाईत, म्हणजे माझ्या गावात, हाही प्रश्न कुणी विचारत नाही. तिथं तो अंड्याचा बॉल आणि मी अंड्याच्या बॉलवाला. भीमेच्या काठावरचं उसाचं गाव आमचं. तिथल्या माणसाला दोनच खेळ मनापासून कळतात, एक कबड्डी आणि दुसरा सोसायटीचं इलेक्शन. दुसऱ्यात आमच्या वस्तीतल्या कुणाला आजवर कुणी संघात घेतलेलं नाही. पहिल्यात मात्र गावाचं आमच्यावाचून भागत नव्हतं.

कबड्डी मला आबांनी शिकवली. आबा वस्तीतलेच, पेशाने गवंडी. दिवसभर कुठल्यातरी बंगल्याचं प्लास्टर करून यायचे, हातपाय धुवायचे आणि समाजमंदिरापुढच्या पटांगणात सूत धरून चुन्याची लाइन मारायचे. ती लाइन एवढी सरळ असायची की तिच्यावर वीट रचावी. मग आमच्यातल्या एकाला पालथं पाडायचे, दोघांना त्याच्या पायांवर बसवायचे, एकाला कमरेवर, आणि म्हणायचे, "आता जा लाइनीपत्तोर."

जायचं कसं? तर सरपटत. आणि लाइन जवळ आली की हात लांब करायचा.

"समदं इसरला तरी चालंल, हात इसरायचा न्हाई," आबा ओरडायचे. "बोटाचं टोक टेकलं तरी तू जित्ता. आन् ज्यांनी तुला धरलं ते समदे मेले!"

कित्येक वर्षं रोज संध्याकाळी मी असा मरता मरता जिवंत होत होतो. माझा उजवा हात इतका तयार झाला की झोपेत कुणी पाय धरला तरी तो आपोआप पुढे जाऊन उशीपलीकडची भिंत शोधायचा. लग्नानंतर बायकोच्या नाकाला त्याचा पहिला प्रसाद मिळाला. ती दौंडची, रेल्वे कॉलनीच्या शेजारी वाढलेली, जिभेने तयार. म्हणाली, "अहो, मी लाइन नाही. बायको आहे."

पण ते पुढचं. रग्बी माझ्या आयुष्यात आली ती शिरूरच्या कॉलेजात, आणि प्रेमाने वगैरे आली नाही. आमच्या क्रीडाशिक्षकांनी एक दिवस आम्हा कबड्डीवाल्यांना गोळा केलं. त्यांच्या काखेत तो लांबोडका बॉल होता. म्हणाले, "कबड्डीत राज्यावर जायला तुम्हाला शंभर पोरांना आडवं करावं लागंल. या खेळात आपल्या भागात कुणी हायच न्हाई. टीम उतरवली की थेट राज्यावर. सर्टिफिकेट घ्या, क्रीडा गुण घ्या, नोकरीला कोटा घ्या. काय म्हणता?"

आम्ही काय म्हणणार? आम्ही विचारलं, "सर, नियम काय?"

"बघू की तिथं गेल्यावर," सर म्हणाले.

गेल्यावर बघितलं. पहिल्या मॅचला माझ्याकडे बॉल आला तेव्हा मी दम धरून, तोंडाने कबड्डी कबड्डी म्हणत पळालो, समोरच्या एकाला हात लावला आणि तो बाद झाला असं समजून उलटा फिरून आमच्या बाजूला धावत सुटलो. बॉलसकट. आमच्याच टीमने मला पाडलं. दुसऱ्या मॅचला एकाचा घोटा पकडला तो मी काही केल्या सोडेना. पंच शिट्ट्या मारतायत, तो पोरगा लंगडी घालतोय, आणि मी वाट बघतोय आमची साखळी येऊन त्याला गुंडाळेल याची. एवढं होऊनही आम्ही राज्यावर खेळून आलो. सर खोटं बोलले नव्हते.

गंमत म्हणजे त्या खेळाचा मला नाद लागला. कबड्डीत माणूस आपल्या घरातून निघतो आणि सगळी धडपड करतो ती घरी परत येण्यासाठी. रग्बीत परत येणं नाहीच. पुढे जायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा पुढे. वस्तीतल्या पोराला हे आवडलं तर नवल नाही. आम्ही नदीकाठच्या मळीच्या रानात सराव करायचो. स्क्रमच्या, म्हणजे खांदे भिडवून समोरच्यांना रेटायच्या सरावाला यंत्र कुठून आणणार, उसाची रिकामी ट्रॉली ढकलायचो. ट्रॉलीचा मालक खूश. एकदा तर त्याने ती भरूनच उभी केली, म्हणाला, "तेवढी कारखान्याच्या काट्यापत्तोर न्या की."

पुढे पुण्याच्या क्लबात खेळलो, राज्याकडून खेळलो, देशाच्या कॅम्पला जाऊन जाऊन राखीव खेळाडूंच्या बाकावर माझ्या बुडाचा ठसा उमटवून आलो. मधल्या काळात दौंडजवळच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला लागलो. शिफ्ट संपली की रेल्वेच्या मैदानाला चकरा मारायच्या, रविवारी पॅसेंजर पकडून पुण्याला प्रॅक्टिसला जायचं. उजवा खांदा दोनदा निखळला. पहिल्यांदा मैदानात, दुसऱ्यांदा बसमध्ये वरच्या दांडीला धरून उभा होतो तेव्हा. दुसरी गोष्ट मी डॉक्टरला सांगितली नाही. खेळाडूच्या दुखापतीला काही इज्जत असते.

आणि मग, ज्या वयात लोक मैदान सोडून पोरांच्या शाळेची फी बघतात त्या वयात, लीग सुरू झाली. परदेशी खेळाडू, टीव्हीवर मॅच, हॉटेलात मुक्काम आणि आपल्याच नावाची जर्सी. एका संघाने मला घेतलं. कशासाठी, तर माझ्या टॅकलसाठी, म्हणजे पळत्याला धरून पाडण्यासाठी. आमचा परदेशी कोच व्हिडिओ थांबवून थांबवून सगळ्यांना दाखवायचा, हा माणूस घोट्याला कसा जातो बघा. माझी छाती फुगायची. ते सगळं आबांचं, समाजमंदिरापुढचं. फक्त सोडायचं कधी तेवढं मी नवीन शिकलो होतो.

कंपनीने एवढी लांब रजा द्यायला नकार दिला. त्यांचं काही चुकलं नाही, पंपावरचा ऑपरेटर दोन महिने अंड्याच्या बॉलमागे गेल्यावर पंप कोण बघणार? मी राजीनामा दिला. त्या रात्री बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते. सकाळी चहा ठेवताना म्हणाली, "दोन महिन्यांनी काय?"

"करार करतात ना. चांगला खेळलो तर वर्षभराचा करार. पगार, डॉक्टर, सगळं त्यांचं."

"सगळ्यांशी?"

"दोघातिघांशी."

"मग त्या दोघातिघांत या," ती म्हणाली, आणि एवढंच.

तर असं होतं सगळं. वर्षभराचा करार मिळाला तर मी खेळाडू, नाही मिळाला तर नोकरी सोडलेला एक माणूस. याच्या मधली कुठली जागा माझ्यासाठी शिल्लक नव्हती आणि ती मीच शिल्लक ठेवली नव्हती.

लीगमध्ये मी वाईट खेळलो नाही. हे मी सांगतोय म्हणून हसू नका, कोचही म्हणाला. शेवटच्या साखळी सामन्याआधी त्याने मला कॉफीच्या मशीनजवळ गाठलं. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, पण त्या दिवशी पूर्ण कळलं. मालक लोक उद्या मैदानात येणार आहेत, तुझं नाव मी दिलंय, एक चांगली मॅच खेळ. मी येस सर, येस सर करत गरम कॉफी स्वतःच्या पायावर ओतून घेतली आणि तोंडाने म्हणालो, नो प्रॉब्लेम.

ती मॅच जिंकली तर आमचा संघ पुढच्या फेरीत. संपत आली तेव्हा आम्ही थोडक्यात मागे होतो. एक ट्राय झाली की जिंकलो. ट्राय म्हणजे समोरच्यांच्या शेवटच्या लाइनीवर किंवा तिच्यापलीकडे बॉल जमिनीला टेकवायचा. माणूस नाही टेकवायचा, बॉल टेकवायचा. लहान लेकरालाही कळेल असा नियम आहे. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्यात फिजीचा एक आडदांड गडी होता. त्याच्या देशात उसाच्या मळ्यांवर राबायला नेलेल्या आपल्या लोकांची हिंदी त्याला थोडी यायची, त्यामुळे अख्ख्या संघात माझं त्याच्याशीच जमायचं. आमच्या दोघांच्या गावाला ऊस, एवढा जिव्हाळा पुरला. त्याने दोघांना अंगावर घेतलं आणि बॉल मागे माझ्या हातात दिला. समोर मोकळं मैदान. मी पळालो. तसा मी आयुष्यात पळालो नव्हतो. कानात फक्त वारा. लाइन येताना दिसत होती, पांढरी, सरळ, वीट रचावी अशी.

हातभर अंतर राहिलं आणि मागून एकाने घोटा धरला. दुसऱ्याने कंबर. मी पालथा पडलो.

इथे कुठल्याही रग्बीवाल्याने, शाळेतल्यानेही, काय केलं असतं? बॉल धरलेला हात पुढे केला असता आणि बॉल लाइनीवर टेकवला असता. पाडल्यावर तेवढं लगेच करायची मुभा असते. माझ्या डाव्या हातात बॉल होता. तो मी छातीशी घट्ट आवळला, लेकरासारखा. आणि रिकामा उजवा हात लांब केला. खांद्यातून कळ निघाली तरी केला. बोटं लाइनीला टेकली.

जित्ता!

मी मान वर केली. पंच धावत येत होते. मला वाटलं, त्यांना नीट दिसलं नसेल, म्हणून टेकवलेला हात उचलून दोन बोटं दाखवली. धरणारे दोघं होते ना. दोघंही मेले. दोन पॉइंट.

हे सगळं मोठ्या पडद्यावर दिसत होतं. लाइनीच्या अलीकडे पालथा पडलेला, बॉल छातीखाली दाबलेला, हसरा, दोन बोटं वर केलेला मी. पंचांनी शिट्टी मारली ती माझ्याविरुद्ध. पडल्यावर बॉल सोडला नाही म्हणून. समोरच्यांनी बॉल घेतला, बाहेर मारला, मॅच संपली.

फिजीवाला माझ्याजवळ येऊन उभा राहिला. रागावला नव्हता. खरोखरच समजून घ्यायचं होतं त्याला. "भैया," तो म्हणाला, "बॉल काहे नहीं धरा लाइन पे?"

मी काय सांगणार त्याला? कुठून सुरुवात करणार? आबांपासून?

कोच माझ्या उजव्या हाताकडे बघत होता, असं मला वाटलं. नसेलही.

दुसऱ्या दिवशी त्या प्रसंगाचा व्हिडिओ झाला. खाली ढोलकीचा आवाज टाकलेला, दोन बोटांवर गोल केलेला. तो लीगच्या लोकांपेक्षा आमच्या शिरूर-दौंडकडच्या लोकांनी जास्त फिरवला, आणि आपला माणूस म्हणून कौतुकाने फिरवला. माझ्या जुन्या कंपनीच्या ग्रुपवर तो आला तेव्हा खाली एकाने लिहिलं होतं, भाऊ पंपावर पण असंच करायचे, व्हॉल्व्ह सोडून पाइपला हात. हसलो मी. खरं तर विनोद चांगला होता.

दौंडला घरी आलो. बायकोने पाण्याचा तांब्या दिला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि पहिले दोन दिवस सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी पिठाचा डबा पुढे केला. "अहो, दळण घेऊन या. दळणच आणा. गिरणीला हात लावून परत येऊ नका."

कराराचं काही कळलं नव्हतं. संघाचा मॅनेजर फोन उचलत नव्हता. मी स्वतःला सांगत होतो, एका चुकीवरून कोण माणसाला काढतं? टॅकल कुणाचे होते? व्हिडिओ थांबवून थांबवून कुणाचे दाखवत होते?

त्याच आठवड्यात गावाची जत्रा होती. जत्रेत कबड्डीचे सामने असतात आणि सामन्यांना पाहुणा लागतो. यंदा पाहुणा म्हणून माझं नाव निघालं. ज्यांनी काढलं ते गावच्या सोसायटीचे चेअरमन. आमच्या वस्तीत त्यांची गाडी इलेक्शनच्या आधी येते, तशीच ती माझं निमंत्रण घेऊन आली. मला कौतुक वाटायला हवं होतं. मी मनात महिन्यांचा हिशोब लावला. इलेक्शन जवळ होतं.

गावात शिरतानाच फ्लेक्स. दूध डेअरीच्या वर, दोन्ही बाजूंच्या गच्च्यांना बांधलेला. ‘अभिनंदन! अभिनंदन!! अभिनंदन!!!’ वर चेअरमन, त्यांचे चिरंजीव, चिरंजीवांचे मित्र, सगळे मोबाइल कानाला लावलेले. आणि खाली डाव्या कोपऱ्यात मी. कोणता मी? तर पालथा पडलेला, दोन बोटं वर केलेला मी. फ्लेक्सवाल्याने व्हिडिओतून घेतला होता. तेवढ्या एकाच ठिकाणी माझा चेहरा स्वच्छ दिसत होता आणि मी खूश होतो.

खाली लिहिलं होतं, तालुक्याचा ढाण्या वाघ.

दादा, माझा थोरला भाऊ, फाट्यावर घ्यायला आला होता. फ्लेक्सखाली गाडी थांबवून म्हणाला, "कसा हाय फ्लेक्स?"

"दादा, तो फोटो हरलो त्या वेळचा आहे."

"हरला कशानं? हात टेकला न्हव्हं का तुझा?"

"बॉल टेकवायचा असतो."

"आन् हात?"

"हाताचं काही नसतं."

दादा गाडीवर बसूनच माझ्याकडे वळून बघत राहिला. "मंग हात टेकवला कशाला?"

पारावर तर निकाल आधीच लागला होता. मी जाऊन बसलो तसे सगळे माझ्या बाजूने बोलायला लागले, आणि त्याने माझा जीव नकोसा झाला. पंच परक्याचा होता. पंचाने पैसे खाल्ले. आपल्या माणसाला वर येऊ देत नाहीत. पोलीस पाटलांच्या मुलाने मोबाइल सगळ्यांपुढे धरला, व्हिडिओ हळू केला आणि बोट ठेवून दाखवलं, "ह्ये बघा, ह्ये. लाइनीला बोट हाय का न्हाई? पोचला का न्हाई?"

"पोचला! पोचला!"

जगात एवढं एकच गाव असेल जिथे ती मॅच मी जिंकलो होतो. त्या गावात मला करार द्यायची कुणाची ऐपत नव्हती.

आबा कडेला बसले होते. आता थकलेत, हाताला थरथर आहे, सूत धरवत नाही. त्यांनी मोबाइल मागितला, डोळ्यांजवळ नेला आणि पुन्हा पुन्हा बघितला. मग मला म्हणाले, "खांदा दुखला आसंल."

"दुखला."

"तरी टेकवला."

"टेकवला, आबा."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या तोंडावर जे होतं ते पुरस्कार घेणाऱ्या कुणाच्याही तोंडावर मी पाहिलेलं नाही. त्यांचा पोरगा एवढ्या मोठ्या मैदानात, टीव्हीवर, खांदा मोडलेला असताना, शिकवलेलं विसरला नव्हता. त्यांना मी रग्बीचे नियम समजावून सांगायला हवे होते का? मी पाणी पितो म्हणून उठलो.

संध्याकाळी स्टेजच्या मागे उभा होतो. डोक्याला फेटा बांधणं चालू होतं. तेवढ्यात खिशात फोन वाजला. मॅनेजर. फेटेवाला म्हणाला, "मान हलवू नका." मी मान न हलवता फोन कानाला लावला.

"भाई, कैसे हो? देखो, मॅनेजमेंट का डिसिजन है. इस बार हम यूथ की तरफ जा रहे हैं."

"और टॅकल का?" मी विचारलं. नंतर कित्येक दिवस मला प्रश्न पडला की मी असं का विचारलं.

"क्या?"

"कुछ नहीं."

"लेजेंड हो आप, भाई. वीडियो देखा क्या? कितना चला है!"

फोन ठेवला. फेटेवाल्याने शेवटचा पदर खोचला आणि माझी हनुवटी धरून इकडे-तिकडे फिरवून बघितली. "झ्याक बसला," तो म्हणाला.

स्टेजवर शाल, नारळ, एक काचेचं सन्मानचिन्ह. चेअरमन माइकवर म्हणाले, "आपल्या गावचा ह्यो वाघ पुढच्या वर्षीबी टीव्हीवर दिसनार! बोला, दिसनार का न्हाई?" लोक म्हणाले, दिसनार. माइक माझ्याकडे आला. मला खरं बोलता आलं असतं. गर्दीत जत्रेसाठी दौंडहून आलेली बायको बसली होती, आमच्या पोरीला मांडीवर घेऊन, आणि तिची नजर माझ्यावर होती. ती नजर मला ओळखते. मी म्हणालो, "आपले आशीर्वाद असू द्या." टाळ्या झाल्या. बायकोने खाली बघितलं. तिला कळलं.

मग कुणीतरी ओरडलं, "एक रेड! पाव्हन्याची एक रेड होऊ द्या!"

इतकी वर्षं मी गावात कबड्डी खेळलो नव्हतो. फेटा काढला, शाल काढली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. समोर आमच्याच वस्तीचा संघ, आबांनी शेवटच्या काही वर्षांत तयार केलेला. आबांना खुर्ची देऊन मधल्या लाइनीजवळ बसवलं होतं. मातीला हात लावून कपाळाला लावला. आत गेलो.

खरं सांगतो, गेलो तेव्हा डोक्यात काही नव्हतं. ना मॅनेजर, ना करार. पायाखाली माती होती, तोंडात दम होता. उजवीकडच्या कोपऱ्यातला गडी हलवला, डावीकडे गेलो, एकाच्या गुडघ्याला पाय लावला. लोक ओरडले. मी वळलो. लाइन समोर, हातभर. आणि मागून घोटा धरला गेला. त्याच्यावर दुसरा, कमरेला.

पालथा पडलो. तोंड मातीत.

आणि माझे दोन्ही हात छातीशी गेले. आपोआप, घट्ट, बोटांत बोटं अडकवून. मला दिसत होती लाइन. माझ्या नाकापासून वीतभर लांब. हात बाहेर काढ, मी स्वतःला सांगत होतो, टेकव. पण त्या मॅचनंतर रोज रात्री पडल्या पडल्या मनातल्या मनात जो बॉल मी दोन्ही हातांनी धरायचो, तो बॉल आता हातात होता आणि सुटत नव्हता.

दम गेला. पंचांनी शिट्टी मारली. बाद.

लोक हसले असते तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. मागून फक्त एकाचा आवाज आला, "पाव्हनं दमलं वाटतं." मग टाळ्या, उपकाराच्या.

मी उठून कपडे झटकले आणि आबांच्या खुर्चीजवळ गेलो. दुसरीकडे जायला जागा नव्हती. आबा माझ्या हातांकडे बघत होते.

"हात कुठं व्हता रं?"

"छातीशी."

"का?"

"बॉल धरला होता, आबा."

त्यांनी मैदानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बॉल? हितं कुठला आला बॉल?"

मी त्यांच्या खुर्चीच्या पायाशी बसलो. पुढचा सामना सुरू झाला, आमच्या वस्तीची पोरं चांगली खेळत होती. एकाला तिघांनी धरलं, तो सरपटत गेला आणि त्याचं बोट लाइनीला टेकलं. पटांगण उसळलं. आबा मात्र तिकडे बघत नव्हते. त्यांनी हात माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला आणि हळूच विचारलं, "टीममदी ठिवला का न्हाई तुला त्यांनी?"

"न्हाई ठिवला," मी म्हणालो.

त्यांनी खांदा हलकेच दाबला. मग म्हणाले, "त्या खेळात बॉल टेकवायचा आसतो व्हय?"

"व्हय."

"मला सांगायचं व्हतं की," आबा म्हणाले. "तसं शिकवलं आसतं."

आता मी पुन्हा दौंडला कामाला जातो. कंपनी तीच, पण यावेळी ठेकेदाराकडून. जुन्या पंपावर दुसरा माणूस आहे, मी गाड्या रिकाम्या करतो. खांद्याला जड उचलायची बंदी आहे, ती ठेकेदाराला माहीत नाही. इलेक्शन झालं, चेअरमन निवडून आले, फ्लेक्स उतरला. तो दादाने मागून आणला आणि वैरणीवर टाकला. मोठ्या लोकांचे चेहरे खालच्या बाजूला गेलेत आणि माझा कोपरा नेमका वर आलाय, दगड ठेवलेला. गावी गेलो की दिसतं, वैरणीच्या गंजीवर मी पालथा पडलोय, खूश, दोन बोटं वर करून. चांगल्या जाडीचा आहे, दादा म्हणतो, दोन पावसाळे तरी जाईल.